घराभोवती रोज काय दिसतं

२९ जानेवारी, रविवार

ही वही तुळसीने दिली. बत्तीस जणांना दिल्या, पण बाकीच्यांनी खोक्यातून उचलायच्या, माझी मात्र तिने स्वतः आणून दिली, वर नाव घालून. भागीरथीबाई. नात आहे माझी, उगीच नाही.

आज वस्तीतल्या गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये तिचा पहिला पाठ झाला. बेट्टाला, म्हणजे आमच्या मागच्या डोंगराला, वणवा लागला तर पायथ्याच्या घरांनी काय करायचं, त्याचे पाठ. तिची संस्था आहे, जिथे रानाला लागून घरं आहेत तिथे जाऊन हे शिकवतात. आईबाप हूटगळ्ळीला, तिथून रोज बस बदलत येण्यापेक्षा माझ्याकडेच राहते म्हणाली. माझं घर दोन महिने भरलेलं. माइक धरून काय बोलते पोरगी! पुढच्या रांगेत आमच्या वस्ती संघाचे सेक्रेटरी कृष्णमूर्ती होते. बँकेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सगळ्यांकडे अजून काउंटरपलीकडून बघतात. तेसुद्धा मान खाली घालून लिहून घेत होते.

वहीत लिहायचं असं की घराभोवती रोज काय दिसतं, पेटण्यासारखं काय आहे, कोण येतं जातं, आपण काय करतो. शेवटच्या रविवारी वह्या परत द्यायच्या, त्यावरून ती वस्तीचा नकाशा करणार. "दोन ओळी पुरेत अज्जी," म्हणाली. दोन ओळींत मला श्वास घेता येत नाही.

मी तिसरीपर्यंत शिकले, तीही कन्नड शाळेत. ही मराठी अक्षरं यजमानांनी शिकवली, पोथी वाचण्यापुरती. ते घोडेस्वार पोलिसांत होते. घोड्याशी आणि माझ्याशी एकाच आवाजात बोलायचे, पण घोड्याला गूळ द्यायचे. असो.

पाठात तुळसीने विचारलं, विझलेल्या राखेत निखारा किती दिवस जिवंत राहतो? कोणी म्हणे तासभर, कोणी म्हणे रात्रभर. मी हात वर केला. म्हटलं, सासूबाई चुलीतला निखारा राखेखाली झाकायच्या आणि तीन दिवस गावाला जाऊन यायच्या. आल्यावर फुंकर घातली की लाल! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुळसी म्हणाली, "बघा, आमच्या अज्जीला पुस्तक लागत नाही."

३० जानेवारी, सोमवार

आजपासून नीट लिहायचं. सहाला उठले. न्हाणीत तांब्याचा हंडा पेटवला, सोडणं आणि करवंट्या घालून. गॅसवर तापवलेल्या पाण्याने अंग भिजतं, आंघोळ होत नाही. मग कालची राख घमेल्यात काढून मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकली. तिथे घाणेरी छातीएवढी वाढली आहे. मग सडा, रांगोळी, कॉफी. तुळसी सातला उठली.

आपलं घर नमुन्याचं करायचं म्हणाली, म्हणजे लोकांना आणून दाखवता येईल. दिवसभर दोघी राबलो. कौलांवरचा पालापाचोळा काढायला माणूस लावला. झावळ्यांचा ढीग भिंतीला टेकून होता, तो पुढे नळापाशी नेला. निघायची वेळ आली तर काय उचलायचं त्याची पिशवी भरली: गोळ्या, घराचे कागद, चष्मा, आणि मी यजमानांचा फोटो घातला, घोड्यासकट.

राखेवरून मात्र वाजलं. तिने झाकणाचा पत्र्याचा डबा आणला. चुलीतच राखेवर पाणी ओतायचं, ढवळायचं, हात घालून बघायचा, मग डब्यात भरायची. मी म्हटलं, अय्यो देवरे, पेटत्या चुलीत पाणी? आपल्या घरात चुलीवर पाणी एकदाच ओततात, घरातलं माणूस गेलं त्या दिवशी. अकरा वर्षांमागे मी ओतलं होतं, तो चर्र आवाज अजून कानात आहे. घरात तू लग्नाची पोर, मी रोज पाणी ओतू?

"अज्जी, राख म्हणजे चूल नव्हे गे."

"बरं बाई, ओतते," म्हटलं. पोरीचं मन कशाला मोडा.

४ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस लिहिलं नाही. वेगळं काही नव्हतं. हंडा, राख, सडा, कॉफी. तुळसी उठायच्या आत राख टाकून येते, म्हणजे कटकट नाही. वर उलट्या हाताने चाचपून बघते, गार असते. डबा छान आहे, झाकण गच्च बसतं. त्यात रागी भरली, नाचणी हो.

आज कोण आलं? मादप्पा आला, बारा शेळ्या घेऊन. भिंतीमागे दगड आहे, त्यावर बसतो, बिडी ओढतो, शेळ्या चरतात. पंचवीस वर्षं येतोय, अग्रहारातलं घर सोडून आम्ही इथे आलो तेव्हापासून. तेव्हा इथे सात घरं होती आणि चोवीस शेळ्या. मी भिंतीवरून आंबील देते, तो लोटा धुऊन भिंतीवर पालथा ठेवतो. एक दिवस चुकला नाही. सुनेला हे शिकवता आलं नाही मला.

तुळसी त्याच्याशी तासभर बोलली. शेळ्या म्हणजे चालती कात्री म्हणे. वाळलेलं गवत तेवढं कमी. मादप्पा हसला. म्हणाला, "अव्वा, माझ्या शेळ्यांना तुमच्या नातीने सरकारी नोकरी लावली."

१२ फेब्रुवारी, रविवार

दुसरा पाठ. तुळसीने सांगितलं की उन्हाळाभर मादप्पाने शेळ्या आपल्या घरांच्या मागच्या पट्ट्यात चाराव्यात. कृष्णमूर्ती उठले. शेळ्या घाण करतात, तो बिडी ओढतो, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

तुळसी म्हणाली, "मी."

मग नागरत्ना म्हणाली, "ती म्हणते तर बघू या की." कृष्णमूर्तींचीच बायको बरं का. घरी गेल्यावर ऐकून घेतलं असणार बिचारीने. पण ठरलं. येताना तुळसीने मला मसाला डोसा खाऊ घातला. एवढी खूश मी तिला बारशात पाहिली होती, आणि तेव्हा तिला काही कळत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, शनिवार. शिवरात्र

रघुनाथ, म्हणजे माझा मुलगा, तुळसीचा बाप, आणि सून सकाळीच आले. सगळ्यांच्या आंघोळी, हंडा दोनदा भरला. राख दुप्पट. दोन घमेली टाकली. उपासाला साबुदाणा भिजला नाही नीट, सुनेने घातलं होतं पाणी. मी बोलले नाही. इथे लिहिते आहे म्हणजे बोलले नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आग लागली.

सगळे ठीक आहेत. उद्या लिहीन.

२५ फेब्रुवारी, शनिवार

काल सकाळपासून वारा होता. मी राख टाकायला गेले तर घमेल्यातूनच उडून डोळ्यात गेली. साडेअकराला धुराचा वास आला. मला वाटलं कोणी पाला जाळतंय. मग मादप्पाची हाक आली, "अव्वा! बाहेर या, बाहेर!"

आमच्या भिंतीमागेच घाणेरी पेटली होती. आवाज असा, जणू कोणी ओलं लुगडं झटकतंय. वारा डावीकडे, म्हणून आम्ही वाचलो आणि आग कृष्णमूर्तींकडे गेली. पंपाची शेड गेली, पाण्याची टाकी वितळली, आंब्याची तीन झाडं मोहोरासकट करपली. तुळसीने शिट्टी वाजवली, सगळे ठरल्याप्रमाणे पिशव्या घेऊन रस्त्यावर आले, ठरल्याप्रमाणे शेजारच्या म्हातारीला दोघांनी खुर्चीसकट उचललं. म्हातारी म्हणजे मी. बंब यायला पाऊण तास लागला. तोवर मादप्पा एकटा हिरव्या फांद्यांनी झोडपत होता. त्याच्या भुवया जळाल्या. चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा दिसतो, हसू येतं आणि मग लाज वाटते.

संध्याकाळी कृष्णमूर्ती दोघातिघांना घेऊन आले. दगडापाशी बिडीची थोटकं सापडली, ती कागदात बांधून आणली होती. मला विचारलं, "भागीरथम्मा, तो तिथे बसून बिडी ओढतो ना? तुम्ही रोज बघता."

मी म्हटलं, ओढतो. दहा वेळा सांगितलंय मी त्याला.

"मग इथे सही करा." मी केली. खरं तेच लिहिलं होतं. बिडी ओढतोच तो. मलाही राग आला होता. पंचवीस वर्षं आंबील दिली आणि घर जाळायला निघाला होता.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज पाठ नव्हता, नुसती बाचाबाची. मादप्पाने इकडे फिरकायचं नाही असं ठरलं. जंगल खात्याकडे तक्रार द्यायची म्हणजे बेट्टावर कुठेच त्याला चारता येणार नाही. तक्रारीवर सगळ्यांच्या सह्या शेवटच्या पाठाला घेणार, तो आता सव्वीस मार्चला. तुळसी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं भांडेल.

घरी आल्यावर ती मागे गेली. भिंतीवर चढून पलीकडे उतरली, पंजाबी ड्रेस घालून. बराच वेळ खाली बसून होती. जळक्या मातीत हात घातला, काहीतरी चिमटीत घेऊन बघितलं. मी खिडकीतून म्हटलं, काय गे सापडलं? ती दचकली. "काही नाही, अज्जी." मग नळाखाली कितीतरी वेळ हात धुतले. जेवली नाही. पोरीने मनाला लावून घेतलं. जबाबदार मी, असं म्हणाली होती ना त्या दिवशी.

२ मार्च, गुरुवार

गिझर आला! पांढरा शुभ्र, बटण दाबलं की लाल दिवा. आग लागल्यापासून धुराचा वासच नको झाला होता, हंडा पेटवला नाही, गॅसवरच्या पाण्यावर भागवलं. तुळसीने आणला, मला न विचारता. भिंतीला भोकं पाडणारा म्हणाला, "नशीबवान आहात अज्जी." आहेच. नागरत्नाला बोलावून दाखवला. तिने बघितला, पण काही फार बोलली नाही. तिच्याकडे आठ वर्षांपासून आहे.

तुळसी म्हणाली, "आता हंडा पेटवायचा नाही. कधीच नाही. शपथ घे माझी."

शपथ कसली घ्यायला लावते आंघोळीच्या पाण्यासाठी? म्हटलं, बरं. तिला मिठी मारली तर खांद्यावर डोकं टेकून रडली. म्हटलं, अगं गिझर आणला तर कोणी रडतं का? तेवढी किंमत पडली का?

९ मार्च, गुरुवार

तुळसी खात नाही. झोपेत दात खाते. मी विचारलं, कोणी मुलगा आहे का? "सुम्नीर अज्जी," म्हणाली. तिला गप्प बस म्हणायचं असलं की कन्नड सुचतं.

भिंतीवर लोटा पालथा तसाच आहे. त्यावर धूळ बसली. आत आणून घासला.

२२ मार्च, बुधवार. उगादी

शपथ मोडली. पाडव्याचं अभ्यंगस्नान गिझरच्या पाण्याने? माझ्या सासूबाई वरून बघत असतील. तुळसी पहाटेच हूटगळ्ळीला आईकडे गेली, तिला परत यायला उद्याची दुपार होणार. मी हंडा काढला, चिंच लावून घासला, पेटवला. करवंटी तडतडली तेव्हा घर माझं झालं. कडुनिंब गूळ खाल्ला. यंदा कडूच जास्त लागला.

२३ मार्च, गुरुवार

नीट लिहिते. एकेक.

सकाळी कालची राख टाकायला गेले. भिंतीपलीकडे आता घाणेरी नाही, सगळं काळं. घमेलं ओतलं आणि खाली बघितलं. काळ्या जमिनीवर आमच्या भिंतीच्या मुळाशी पांढरा ढीग, पावसाने बसलेला, थरावर थर, म्हशीएवढा. एवढी वर्षं घाणेरीत तो कधी दिसलाच नाही. मला आधी वाटलं कोणी चुना टाकला. मग आजची राख त्यावर पडलेली दिसली, आणि तोच रंग.

कॉफी केली. ती तशीच राहिली. साडेदहाला परत गेले. वारा सुटला होता. आजच्या राखेतून धुराची एक बारीक दोरी वर जात होती. पेटायला आता तिथे काही नव्हतं, म्हणून नुसतीच जात होती. मी काठीने उकरलं. आत लाल.

मी तिथेच उभी राहिले. मग आत येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. मी मोठ्याने वाचते, मनात वाचता येत नाही मला. सासूबाईंचा निखारा वाचला. टाळ्या वाजल्या ते वाचलं. तीस जानेवारी वाचली. चार फेब्रुवारी. शिवरात्र, दोन घमेली. चोवीसची राख, डोळ्यात उडालेली. आणि माझी सही.

तुळसी आली तेव्हा मी वही मांडीवर घेऊन बसले होते. तिने हंडा बघितला, मला बघितलं.

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"सव्वीसपासून. राखेत तुझ्या करवंटीचा तुकडा होता अज्जी, अर्धा जळलेला."

"आणि मादप्पा?"

ती हंड्याकडे बघत म्हणाली, "आपलं घर नमुन्याचं. मी शिकवणारी. माझ्या घरातून आग लागली हे कळल्यावर पुढच्या गावात कोण बसेल माझ्यापुढे? आणि तुला लोक काय म्हणाले असते? तू पंचवीस वर्षं राहतेस इथे."

"तोही पंचवीस वर्षं येतोय."

"मला झोप लागत नाही अज्जी."

"बघते ना मी. दात खातेस."

ती हसली आणि मग हसणं थांबेना आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी तिला पुष्कळ वेळ धरून बसले. नातीची लाज झाकायची म्हणून मी पाहिजे ते केलं असतं. पण तिने माझी झाकली होती आणि ती झाकता झाकता पोर वाळली. राखेखाली निखारा झाकायचं आमच्या घराण्यातच आहे म्हणायचं.

म्हटलं, रविवारी मी बोलणार. ती नको म्हणाली. मी म्हटलं, सुम्नीर.

२६ मार्च, रविवार

हॉल भरला होता. टेबलावर तक्रारीचा कागद, पेनाला दोरी बांधलेली. कृष्णमूर्ती म्हणाले, सह्या करा मग पाठ सुरू. मी उठले. गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू गेला असणार.

"भागीरथम्मा, तुमची सही आहेच. बसा."

"पहिली माझीच आहे, म्हणून पहिलं मीच बोलते," म्हटलं.

वही काढून वाचायला लागले. मराठीत वाचायचं, कन्नडात सांगायचं. घोड्याचा गूळ आला तेव्हा लोक हसले. सुनेच्या साबुदाण्यालाही हसले, रघुनाथला कोणी सांगू नये. तीस जानेवारी, राख भिंतीपलीकडे. चार फेब्रुवारी, राख. शिवरात्र, दोन घमेली. मग हसणं बंद झालं. मी चोवीसपर्यंत वाचलं. तेवीस मार्चही वाचली, तुळसीचं बोलणं सोडून. ते माझं नव्हतं वाचायला.

पण तीच उठली. माइक न घेता म्हणाली, "मला महिनाभर माहीत होतं. मी सांगितलं नाही." आणि उभीच राहिली.

कृष्णमूर्ती माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझे आंबे तुम्ही जाळलेत."

"हो. मीच."

मागून कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या, वयस्कर बाई आहे, चुकून झालं. आता कुठे मला राग आला. म्हटलं, मादप्पाचं झालं असं वाटलं तेव्हा कोणी चुकून म्हणालं नाही. मीही नाही म्हणाले. मी तर सही केली.

नागरत्नाने टेबलावरचा कागद उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी फाडला नाही. चार घड्या घालून खिशात ठेवला. जाताना म्हणाले, "वही चांगली लिहिता." टोमणा होता की काय, मला अजून कळलं नाही.

दहा बारा जण उठून गेले. बाकीचे बसले. तुळसीने त्यांच्या वह्या घेतल्या, माझी माझ्याकडेच राहू दिली, आणि शेवटचा पाठ दिला, आवाज फुटत होता तरी. पाठ राखेचा होता.

२७ मार्च, सोमवार

दोघी रिक्षाने बेट्टाच्या पलीकडे मादप्पाच्या घरी गेलो. भुवया अर्ध्या आल्या आहेत. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. गोठ्यात पाहिलं तर शेळ्या थोड्याच. म्हणाला, चरायला जागा नाही तर उपाशी कशा ठेवू? सात विकल्या, त्यात तुमच्या लाडकीही, कानावर पांढरा ठिपका असलेली.

मी रिकामे खुंट मोजले. मग त्यानेच म्हटलं, "अव्वा, गोठ्यात गोचीड होते म्हणून मी राख मागत दारोदार हिंडतो. पंचवीस वर्षं भिंतीवरून आंबील दिलीत. एकदा राख दिली असती."

रागावून नाही म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. येशील का, विचारलं. तो म्हणाला, बघू.

२८ मार्च, मंगळवार

तुळसी म्हणाली, हंडा पेटव, पण माझ्यासमोर विझव. आंघोळी झाल्यावर मी तांब्या भरला. हात वर जाईना. ती म्हणाली, मी ओतू? म्हटलं, नको, तू दूर हो. ओतलं. तोच चर्र आवाज. डोळे मिटून घेतले होते. उघडले तर ती तिथेच उभी, जिवंत, दात घासत.

डब्यातली रागी काढून परातीत ओतली. राख ओली झाली तर गोठ्यात काय कामाची, म्हणून पापडासारखी उन्हात वाळवली. मग डब्यात. झाकण गच्च. डब्याजवळ लोटा ठेवला आहे.

३ एप्रिल, सोमवार

राखेवर पाणी ओतलं, हात घालून पाहिला, वाळवून डब्यात भरली.

भिंतीमागे शेळ्या दिसल्या. पाच.